व्हिडिओ एक्स्टेंडरवरील ईडीआयडी मांडणी : सभागृहातील दृश्यसंकेताचा एक दुर्लक्षित दुवा

बीजसंज्ञा : ईडीआयडी, व्हिडिओ एक्स्टेंडर, एचडीएमआय, प्रोजेक्टर, हॉट-प्लग संकेत

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या सभागृहांत प्रोजेक्टर हे आता नावीन्य राहिलेले नाही. व्याख्यात्याचे मेज मंचावर असते आणि प्रोजेक्टर छताच्या मध्यभागी टांगलेला असतो. भिंतीतील नळीतून वळसे घेत जाणारी केबल त्यामुळे सहज वीस-तीस मीटरची होते. एवढ्या अंतरावर साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मेजाजवळ एक ट्रान्समीटर, प्रोजेक्टरजवळ एक रिसीव्हर आणि दोहोंच्या मध्ये संगणक-जाळ्यासाठी वापरतात तशी कॅट-६ केबल, अशी योजना केली जाते. या जोडीलाच व्हिडिओ एक्स्टेंडर म्हणतात.

एक्स्टेंडर बसविल्यानंतर ऐकू येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. चित्र येते पण अक्षरे पुसट दिसतात. चित्र आहे, आवाज नाही. आपल्या विभागाचा लॅपटॉप चालतो, पण पाहुण्या वक्त्याचा लॅपटॉप जोडला की पडदा काळा पडतो. प्रोजेक्टर आधी सुरू केला तर चालते, नंतर सुरू केला तर नाही. अशा वेळी संशय प्रथम प्रोजेक्टरच्या दिव्यावर, मग केबलवर आणि शेवटी वक्त्याच्या लॅपटॉपवर जातो. नवी केबल टाकली जाते. तरीही तक्रार राहिली की सुस्थितीतील प्रोजेक्टर निर्लेखन समितीपुढे जातो. यांपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ एक्स्टेंडरच्या पेटीवरील तीन-चार बारीक स्विचांत असते, आणि ते स्विच कशासाठी आहेत हे बसविणाऱ्याने सांगितलेले नसते. या स्विचांचा संबंध ज्या माहितीशी आहे ती ईडीआयडी, म्हणजेच एक्स्टेंडेड डिस्प्ले आयडेंटिफिकेशन डेटा. ही माहिती म्हणजे काय, एक्स्टेंडर तिच्यात कोणता हस्तक्षेप करतो आणि ती योग्य रीतीने कशी मांडावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विषय तांत्रिक असला तरी तो समजण्यासाठी अभियांत्रिकीचे शिक्षण आवश्यक नाही.

ओळख विचारण्याची प्रथा

संगणकाला समोरचा पडदा दिसत नाही. तो किती रुंद आहे, किती रेषा दाखवू शकतो, त्याला आवाज वाजविता येतो की नाही, यांपैकी काहीही संगणकाला आपोआप कळत नाही. आयबीएमने १९८७ मध्ये पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए जोडणी आणली तेव्हा तिच्या पंधरा पिनांपैकी काही पिना मॉनिटरची ओळख पटविण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. कोणती पिन जमिनीशी जोडलेली आहे आणि कोणती मोकळी आहे, एवढ्यावरून मॉनिटर रंगीत की एकरंगी हे संगणक ठरवीत असे. मॉनिटरचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते तोवर ही सांकेतिक खूण पुरेशी ठरली. पुढे मॉनिटरांचे वैविध्य वाढले आणि योग्य रिझोल्यूशन निवडण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर येऊन पडली. चुकीची निवड केल्यास जुन्या काचनळीच्या मॉनिटरला इजा होण्याचीही शक्यता असे.

व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन, म्हणजे व्हेसा, या संस्थेने १९९४ मध्ये यावर तोड काढली. मॉनिटरच्या आत एक लहानशी स्मृतिचिप बसवावी, तिच्यात त्या मॉनिटरची माहिती ठरावीक क्रमाने लिहून ठेवावी आणि संगणकाने ती केबलमधील स्वतंत्र तारांवरून वाचावी, अशी ही योजना होती. वाचण्याच्या मार्गाला डिस्प्ले डेटा चॅनल, संक्षेपाने डीडीसी, असे नाव मिळाले. लिहिलेल्या माहितीला ईडीआयडी. या माहितीच्या रचनेची १.३ ही आवृत्ती २००० च्या सुमारास आणि १.४ ही आवृत्ती २००६ मध्ये आली. डिस्प्लेआयडी नावाची नवी रचना व्हेसाने त्यानंतर पुढे आणली. तरीही सभागृहांतील प्रोजेक्टर, दूरचित्रवाणी संच व एक्स्टेंडर यांच्या व्यवहारात ईडीआयडीचीच भाषा आजही चालते.

एकशे अठ्ठावीस बाइटांचा मजकूर

ईडीआयडीचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा असतो. मराठी मजकूर संगणकात साठविताना देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला बहुधा तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या जागेत आपले एखादे मध्यम लांबीचे वाक्यही मावणार नाही. एवढ्या जागेत मॉनिटरची सारी ओळख बसविलेली आहे, आणि तिची घडण पाहण्यासारखी आहे.

हे बाइट षोडशमान पद्धतीने लिहिण्याचा प्रघात आहे. तीत ० ते ९ या अंकांनंतर ए ते एफ ही अक्षरे येतात. आरंभीचे आठ बाइट सर्व उपकरणांत सारखेच असतात : एक शून्य, मग सहा वेळा एफएफ आणि पुन्हा एक शून्य. ही आरंभखूण दिसली की पुढचा मजकूर ईडीआयडी आहे असे समजावे. त्यानंतरच्या दोन बाइटांत उत्पादकाचे तीन रोमन अक्षरांचे सांकेतिक नाव असते. प्रत्येक अक्षरास पाच बिट, म्हणजे तीन अक्षरांस पंधरा; सोळावा बिट रिकामा. एलजी कंपनीच्या मॉनिटरांत येथे १ई ६डी असे आकडे आढळतात. ते उलगडले तर जीएसएम ही अक्षरे मिळतात. गोल्डस्टार हे त्या कंपनीचे जुने नाव. दर्शनी पाटी बदलली, तरी यंत्राच्या पोटातील कागदावर जुनीच सही राहिली आहे.

पुढे उत्पादन-क्रमांक, अनुक्रमांक, निर्मितीचा आठवडा आणि वर्ष येते. वर्ष १९९० पासून मोजतात. त्या बाइटाचे मूल्य १९ असेल तर निर्मितीवर्ष २००९. त्यानंतर पडद्याची रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. प्रोजेक्टरच्या बाबतीत या दोन्ही जागी शून्य लिहितात, कारण त्याचे चित्र किती मोठे पडेल हे भिंतीच्या अंतरावर अवलंबून असते. मग रंगांची माहिती आणि चालू शकणाऱ्या रिझोल्यूशनांच्या याद्या येतात.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग शून्यापासून मोजल्यास ५४ व्या बाइटापासून सुरू होतो. येथे अठरा-अठरा बाइटांचे चार परिच्छेद आहेत. त्यांतील पहिल्यात उपकरणाचे पसंतीचे रिझोल्यूशन सविस्तर दिलेले असते. पहिले दोन बाइट पिक्सेलच्या गतीचे. १९२० गुणिले १०८० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर दृश्य भागाभोवतीची रिकामी कड धरून प्रत्येक चित्र २२०० गुणिले ११२५, म्हणजे २४,७५,००० पिक्सेलचे होते. ६० ने गुणले की सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल. ही संख्या दहा हजारांच्या एककात, म्हणजे १४,८५० अशी, आणि लहान बाइट आधी या क्रमाने लिहिली की ०२ ३ए हे आकडे मिळतात. हेच आकडे ५४ आणि ५५ या जागी दिसले, तर ते उपकरण स्वतःस पूर्ण एचडी पडदा म्हणवीत आहे हे ओळखता येते. १२८० गुणिले ८०० च्या प्रोजेक्टरमध्ये या जागी बहुधा ९ई २० किंवा बीसी १बी आढळतात. एवढी ओळख झाली तरी पुढील सारे विवेचन हातात येते.

शेवटून दुसरा बाइट पुढे जोडपत्रे किती आहेत ते सांगतो आणि शेवटचा बाइट पडताळणीचा असतो. सर्व १२८ बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी अशा बेताने तो ठरवितात. आधीच्या १२७ बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागून बाकी २०० उरत असेल, तर पडताळणीचा बाइट ५६ असतो. वाटेत एक बिट जरी बदलला तरी हिशेब चुकतो आणि वाचणारे यंत्र ती माहिती अविश्वसनीय मानू शकते.

दूरचित्रवाणी संचांसाठी आणखी १२८ बाइटांचे जोडपत्र लागते. एचडीएमआय जोडणीची पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. या जोडणीत चित्राबरोबर आवाजही जात असल्याने कोणत्या प्रकारचा आवाज स्वीकारता येतो, ध्वनिक्षेपक किती, हे जोडपत्रात नोंदवावे लागते. शिवाय उपकरण खरोखर एचडीएमआयचे आहे हे सांगणारी एक नोंदही त्यात असते. ही नोंद सापडली नाही तर संगणक समोरच्या उपकरणास जुन्या डीव्हीआय प्रकारचे समजतो आणि आवाज पाठवितच नाही. 'चित्र आहे, आवाज नाही' या तक्रारीचा उगम पुष्कळदा येथे असतो.

अंतर वाढले म्हणजे काय होते

एचडीएमआय केबलमध्ये दोन भिन्न स्वभावांचे संकेत एकाच आवरणात नांदत असतात. चित्र वाहणाऱ्या तारांवर सेकंदाला अब्जावधी बिट धावतात. डीडीसीच्या तारा त्या मानाने गोगलगायीच्या चालीने चालतात. फिलिप्स कंपनीने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या आयटूसी या दुतारी पद्धतीवर त्या आधारलेल्या आहेत आणि त्यांचा वेग सेकंदाला एक लाख बिटांच्या आसपास असतो. वेगवान तारा लांबीने थकतील आणि सावकाश तारा टिकतील, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आयटूसीमध्ये तारेवरील विद्युतदाब एका रोधातून हळूहळू वर चढतो. केबल जितकी लांब तितकी तिची धारिता अधिक, आणि तितका हा चढ मंद. मूळ आयटूसी मानकाने ही धारिता ४०० पिकोफॅरडपर्यंत मर्यादित केली आहे; लांब केबल ती मर्यादा लवकरच ओलांडते. चढ पूर्ण होण्यापूर्वीच पुढचा बिट आला तर एकचा शून्य वाचला जातो. चित्र जाऊ शकेल अशी केबल असूनही ओळखच वाचता येत नाही, असा प्रसंग यामुळे उद्भवतो. मग संगणक ६४० गुणिले ४८० किंवा १०२४ गुणिले ७६८ अशा सर्वमान्य रिझोल्यूशनवर समाधान मानतो, अथवा गप्प बसतो.

एक्स्टेंडरचे निर्माते हा प्रश्न दोन मार्गांनी सोडवितात. पहिला मार्ग डीडीसीचा संवाद अंकीय रूपात पॅक करून कॅट-६ वरून पलीकडे नेण्याचा. स्वस्त व जुन्या एक्स्टेंडरांत दोन स्वतंत्र कॅट केबली लागत, त्यांपैकी एक चित्रासाठी व दुसरी या संवादासाठी असे. २०१० मध्ये स्थापन झालेल्या एचडीबेसटी अलायन्सने पुरस्कारिलेल्या पद्धतीत एकाच केबलवरून शंभर मीटरपर्यंत चित्र, आवाज, नियंत्रण आणि वीजही नेता येते. दुसरा मार्ग अधिक धोरणी आहे. ट्रान्समीटरमध्येच एक स्मृतिचिप ठेवायची आणि संगणकाने विचारले की प्रोजेक्टरच्या वतीने तेथूनच उत्तर द्यायचे. प्रतिनिधीने साहेबांना न विचारता सही करावी तसा हा प्रकार आहे. प्रतिनिधीला साहेबांची कुवत नेमकी ठाऊक असेल तर काम झटपट होते; ठाऊक नसेल तर साहेबांना न पेलणारी आश्वासने दिली जातात.

एक्स्टेंडरवरील पर्याय

निरनिराळ्या कंपन्यांच्या पेट्यांवर शब्द निरनिराळे असले तरी पर्याय मुख्यतः तीन असतात. 'पास-थ्रू' म्हणजे पलीकडील पडद्याची ओळख जशीच्या तशी अलीकडे आणून दाखविणे. 'डिफॉल्ट' म्हणजे कारखान्यात भरलेली एखादी सर्वसाधारण ओळख पुढे करणे. तीत १०८० रेषांचे चित्र व दोन वाहिन्यांचा आवाज, ४के चित्र, बहुवाहिनी आवाज असे पोटपर्याय डिप स्विचांनी अथवा फिरत्या स्विचाने निवडता येतात. 'लर्न' किंवा 'कॉपी' म्हणजे पडद्याची ओळख एकदा वाचून ट्रान्समीटरमध्ये कायमची लिहून ठेवणे.

बहुतेक पेट्या 'डिफॉल्ट'वर ठेवलेल्या स्थितीतच बसविल्या जातात, कारण त्या स्थितीत काहीतरी चित्र हमखास येते आणि बसविणाऱ्याचे देयक मंजूर होते. वर्गखोलीसाठी ही सर्वांत कमी प्रतीची निवड आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'पास-थ्रू' तत्त्वतः प्रामाणिक आहे. परंतु तासिकांच्या मध्ये प्रोजेक्टर बंद ठेवण्याची आपल्याकडील पद्धत, आणि ती योग्यच आहे, तिला मानवत नाही. एचडीएमआयच्या केबलमध्ये पाच व्होल्टची एक तार असते. समोरचे उपकरण बंद असले तरी त्याची स्मृतिचिप तिच्या विजेवर वाचता यावी, हा तिचा हेतू. पण काही प्रोजेक्टर बंद अवस्थेत आपण जोडलेले आहोत ही खूणच मागे घेतात. मग संगणकाला पडदा नाहीसा झाल्यासारखे वाटते, खिडक्यांची मांडणी विस्कटते आणि प्रोजेक्टर पुन्हा सुरू झाल्यावर पूर्वीची स्थिती येईलच असे नाही. एकच स्थिर प्रोजेक्टर असलेल्या सभागृहात 'लर्न' हाच पर्याय श्रेयस्कर ठरतो. संगणकाला ओळख सदैव उपलब्ध राहते आणि ती खरी असते.

पुसट अक्षरांचा प्रश्न

अध्यापनाच्या दृष्टीने सर्वाधिक नुकसान करणारा, आणि बिघाड म्हणून क्वचितच नोंदविला जाणारा, प्रकार म्हणजे पुसट अक्षरे. समजा, प्रोजेक्टरची अंगभूत क्षमता १२८० गुणिले ८०० आहे आणि एक्स्टेंडर 'डिफॉल्ट'वर असल्याने संगणकाला १९२० गुणिले १०८० सांगत आहे. संगणक त्या आकाराचे चित्र इमानाने तयार करतो. प्रोजेक्टर ते नाकारीत नाही; दाबून आपल्यात बसवितो. रुंदीचे १९२० पिक्सेल १२८० मध्ये बसवायचे म्हणजे प्रत्येक तीन पिक्सेलांचे दोन करायचे. त्याच प्रमाणात १०८० रेषांच्या ७२० होतात आणि उरलेल्या ८० रेषा वर-खाली काळ्या पट्ट्यांच्या रूपाने वाया जातात. एक पिक्सेल जाडीची रेघ आता दोन-तृतीयांश पिक्सेलची झाली. ती दाखविण्यासाठी प्रोजेक्टर शेजारच्या पिक्सेलांत करडा रंग मिसळतो.

रोमन अक्षरांना हे काही प्रमाणात सोसते. देवनागरीला सोसत नाही. आपली लिपी शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली बारीक चिन्हे वाहते. अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार, जोडाक्षरातील अर्धे व्यंजन, यांवर अर्थ अवलंबून असतो. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतील भेद शेवटच्या बाकावरून दिसेनासा झाला तर मराठीच्या अध्यापकाने फलक वापरलेला बरा. संस्कृतच्या तासाला विसर्ग, गणिताच्या तासाला घातांक आणि रसायनशास्त्राच्या तासाला अणूंच्या संख्या दर्शविणारे खालचे अंक याच वाटेने जातात. विद्यार्थी दिसत नसल्याची तक्रार क्वचितच करतो. तो लिहून घेणे थांबवितो. एक्स्टेंडरला प्रोजेक्टरची खरी ओळख शिकविली की संगणक १२८० गुणिले ८०० चेच चित्र तयार करतो. एकास एक पिक्सेल जुळतो आणि कोणताही खर्च न होता अक्षरे सुस्पष्ट होतात.

पडताळणीसाठी एक साधा उपाय आहे. एकाआड एक पिक्सेल काळा-पांढरा असलेले बुद्धिबळाच्या पटासारखे चित्र संगणकावर तयार करून, मोठे वा लहान न करता, पडद्यावर दाखवावे. पिक्सेल जुळत असतील तर सर्वत्र सारखा करडा रंग दिसतो. पट्टे किंवा लहरी दिसल्या तर मध्ये कोठेतरी चित्र दाबले अथवा ताणले जात आहे असे समजावे. प्रोजेक्टरमधील उभी कड सरळ करण्याची कीस्टोन सोय वापरात असल्यासही अशाच लहरी दिसतात. म्हणून चाचणीपूर्वी ती शून्यावर आणावी.

हरवलेले संवाद आणि अतिमोठे चित्र

आवाजाच्या बाबतीत एक चमत्कारिक प्रकार घडतो. चित्रपट किंवा माहितीपट दाखविताना पार्श्वसंगीत ऐकू येते, पण पात्रांचे बोलणे जवळजवळ ऐकू येत नाही. एक्स्टेंडर बहुवाहिनी आवाज स्वीकारतो असे सांगत असल्यास संगणक सहा वाहिन्यांचा आवाज पाठवितो. त्यांत संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतात. सभागृहातील जुन्या ध्वनिवर्धकाला मात्र रिसीव्हरमधून निघणाऱ्या डाव्या-उजव्या दोनच वाहिन्या मिळतात. मधली वाहिनी वाटेतच राहते. स्विच 'दोन वाहिन्या' या स्थितीत आणला की संगणक सहांचे मिश्रण दोनांत स्वतःच करून देतो. ध्वनिवर्धक बदलण्याचे कारण उरत नाही.

४के दूरचित्रवाणी संच स्वस्त झाल्यापासून उलट दिशेची अडचण वाढली आहे. ३८४० गुणिले २१६० चे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठविण्यासाठी सेकंदाला ५९ कोटी ४० लाख पिक्सेल लागतात. एचडीएमआयच्या हिशेबाने प्रत्येक पिक्सेलमागे ३० बिट धरले तर हा ओघ सुमारे १७.८ गिगाबिटचा होतो. पहिल्या पिढीतील एचडीबेसटीची वहनक्षमता १०.२ गिगाबिट होती. असा एक्स्टेंडर 'पास-थ्रू'वर असेल आणि पलीकडे नवा ४के संच लावला, तर संच आपली क्षमता खरी सांगतो, संगणक त्याप्रमाणे चित्र पाठवितो आणि मधली वाट अपुरी पडून पडदा काळा राहतो. दोन्ही टोकांची यंत्रे निर्दोष, तरी व्यवस्था निकामी. येथे ओळख मुद्दाम मर्यादित करणे हाच उपाय. 'डिफॉल्ट'मधील १०८० रेषांचा पर्याय निवडावा, किंवा सेकंदाला ३० चित्रांचा ४के पर्याय असेल तर तो. त्याला याच्या निम्मा ओघ पुरतो.

एकाच ट्रान्समीटरवरून प्रोजेक्टर आणि बाजूच्या खोलीतील संच असे दोन पडदे चालवायचे असतील तर दोघांना झेपणारे समान रिझोल्यूशन निवडावे लागते. अनेक विभाजक पहिल्या जोडणीवरील पडद्याचीच ओळख पुढे करतात. म्हणून ज्या पडद्यावरून प्रत्यक्ष शिकविले जाते तो पहिल्या जोडणीवर घ्यावा.

प्रत्यक्ष मांडणी

प्रथम प्रोजेक्टर स्वतःविषयी काय सांगतो ते पाहावे. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ नेऊन दीड-दोन मीटरच्या चांगल्या केबलने थेट जोडावा. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये सुरू असलेले रिझोल्यूशन दिसते. संपूर्ण मजकूर हवा असल्यास विंडोजसाठी मॉनिटर अॅसेट मॅनेजर आणि लिनक्ससाठी एडिड-डिकोड ही साधने उपलब्ध आहेत. मिळालेला मजकूर फाइलरूपाने जतन करावा. हीच कृती मग मेजावरील ट्रान्समीटरला लॅपटॉप जोडून करावी. दोन मजकुरांतील ५४ व ५५ क्रमांकांचे बाइट आणि उत्पादकाचे नाव जुळले तर ओळख खरी जात आहे. जुळले नाही तर ट्रान्समीटर स्वतःच्या मनाचे सांगत आहे.

शिकविण्याची कृती पेटीगणिक थोडी वेगळी असते, पण क्रम पाळावा लागतो. प्रोजेक्टर पूर्ण सुरू होऊ द्यावा आणि त्यावर एचडीएमआयची जोडणी निवडलेली असावी. ट्रान्समीटरचा वीजपुरवठा काढून स्विच 'लर्न' स्थितीत आणावा व वीज पुन्हा द्यावी. बऱ्याच पेट्या स्विचांची स्थिती वीज मिळण्याच्या क्षणीच वाचतात, त्यामुळे चालू पेटीवर स्विच हलवून काहीच घडत नाही. कळ असलेल्या पेटीत दिवा लुकलुकू लागेपर्यंत ती दाबून धरावी लागते. काही स्वस्त पेट्या ओळख फक्त ट्रान्समीटरवरील स्थानिक जोडणीतून शिकतात, कॅट केबलच्या पलीकडून नाही. अशा वेळी ट्रान्समीटर काढून प्रोजेक्टरपर्यंत न्यावा लागतो. शिडी एकदा लावावी लागते, एवढाच त्रास.

यानंतरची पायरी अनेकदा गळते. संगणकाने जुनी ओळख आधीच वाचून ठेवलेली असते आणि ती बदलल्याची वार्ता त्याला आपोआप मिळत नाही. एचडीएमआयच्या एकोणिसाव्या पिनेवरील हॉट-प्लग संकेत किमान शंभर मिलिसेकंद खाली येऊन पुन्हा वर गेला, तर संगणक ओळख नव्याने वाचतो. केबल काढून दोन-तीन सेकंदांनी पुन्हा लावणे हा त्याचा घरगुती पर्याय. एवढे करूनही जुनेच रिझोल्यूशन दिसत असेल तर संगणक पडद्यांची 'डुप्लिकेट' मांडणी वापरीत आहे काय ते पाहावे. त्या मांडणीत लॅपटॉपचा पडदा आणि प्रोजेक्टर या दोघांना चालेल असे चित्र निवडले जाते. 'एक्स्टेंड' मांडणीत प्रोजेक्टरला त्याचे स्वतःचे रिझोल्यूशन मिळते.

ईडीआयडीच्या कक्षेबाहेरचे दोष

सर्वच काळ्या पडद्यांना ईडीआयडी जबाबदार नसते. चित्रपटांच्या तबकड्या वा सशुल्क प्रसारण यांना एचडीसीपी नावाचे नक्कलरोधक कुलूप असते. संगणकाचा डेस्कटॉप दिसतो आणि चित्रपट सुरू करताच पडदा काळा होतो, असे असेल तर एक्स्टेंडर त्या कुलपाची आवश्यक आवृत्ती ओळखत नाही अशी शक्यता अधिक. ओळखीचे स्विच फिरवून उपयोग नाही. चित्रात चमचमते ठिपके दिसणे किंवा काही सेकंदांनी चित्र जाऊन परत येणे, ही बहुधा केबलची किंवा तिच्या टोकावरील जोडणीची लक्षणे. कॅट-६ केबल विजेच्या तारांच्या नळीतूनच ओढलेली असेल तर ती प्रथम वेगळी करावी.

खरेदी समित्यांच्या तपशीलपत्रांत आजही '५० मीटर एचडीएमआय एक्स्टेंडर' एवढीच ओळ पुष्कळदा आढळते. तिच्यात चार गोष्टींची भर घालणे शक्य आहे : ईडीआयडी शिकण्याची सोय, ती कॅट केबलच्या पलीकडून शिकता येणे, आवाजाच्या वाहिन्यांसाठी स्वतंत्र निवड आणि कमाल ओघाचा गिगाबिटमध्ये उल्लेख. कार्यपूर्तीचा दाखला देण्यापूर्वी वर सांगितलेली बुद्धिबळपटाची चाचणी बसविणाऱ्याकडून करून घेता येते. तिला पाच मिनिटे पुरतात.

'लर्न' पर्यायाची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. शिकविलेली ओळख वीज गेली तरी पुसली जात नाही. उद्या १२८० गुणिले ८०० च्या जागी १९२० गुणिले १२०० चा नवा प्रोजेक्टर टांगला, तरी मेजावरील ट्रान्समीटर संगणकाला जुन्याच प्रोजेक्टरची ओळख देत राहील आणि नव्या यंत्राची अर्ध्याहून अधिक क्षमता वापरात येणार नाही. ट्रान्समीटरवर चिकटविलेल्या चिठ्ठीत शिकविल्याची तारीख, प्रोजेक्टरचे नाव व रिझोल्यूशन लिहावे आणि हीच नोंद डेड स्टॉक नोंदवहीत प्रोजेक्टरच्या पानावर असावी. प्रोजेक्टर बदलणारा कर्मचारी ते पान उघडतोच.